भेंडाखाली

१

शाळा सुटली की खोलीवर यायचं, चहा टाकायचा, शर्ट बदलायचा, गळ्यातलं इष्टलिंग पाठीमागे ढकलायचं आणि काठी-दोरी घेऊन तळ्यावर जायचं, असा माझा नेम होता. लिंग मागे अशासाठी, की पुढे हातात मासा असायचा. आमच्या लिंगायत घराण्यात कोणी कधी मासा शिजवलेला नाही, आणि मी रोज संध्याकाळी मासे धरायचो. खात मात्र नव्हतो. धरायचा, डोळे भरून बघायचा, सोडून द्यायचा.

ही खोड मी कोकणातून आणली. मराठवाड्यातल्या पुष्कळ गुरुजींसारखी माझीही पहिली नेमणूक समुद्राकाठच्या जिल्ह्यात झाली. शाळेमागे खाडी. सुट्टीच्या दिवशी माणसाने करायचं काय? शेजारचा एक म्हातारा गळ टाकून बसायचा, त्याच्या बाजूला मीही बसू लागलो. मेलेलं आमिष लावणारा माणूस आळशी, असं तो म्हणायचा. जिताड्यासारखा मासा हवा तर जिवंत कोळंबी लावायची, नाहीतर बोटाएवढी जिवंत तारली. गळ घालायचा तो पाठीवरच्या पराच्या मागे, नुसत्या कातडीतून, कणा टाळून. मग आमिष मरत नाही. दुखत असेल, पण पोहत राहतं. वर एक बूच तरंगत ठेवायचं म्हणजे ते फार खोल जात नाही, आणि बूच थरथरलं की खालचा जीव कसा आहे ते वर कळतं.

पुढे बदली मिळाली. लातूरला घर, म्हणून लातूर मागितलं होतं. मिळालं शेजारच्या जिल्ह्यात, मुखेडच्याही आत एका वस्तीवर. तेवढ्यावरही मी पेढे वाटले. वस्तीखाली साठवण तलाव होता. इथे बुचाऐवजी ज्वारीच्या धांड्याची साल काढून आतलं पांढरं, हलकं भेंड मी दोरीला बांधायचो. काठच्या उथळ पाण्यातून चिलापीची पिल्लं टोपलीने धरायची, एकेक लावायचं, मरळ लागली की सोडायची आणि निघताना उरलेलं आमिषसुद्धा गळ काढून सोडायचं. माझ्या हातून जीव जात नाही याचा मला मोठा अभिमान होता.

"खायचं नाही, तर त्याच्या तोंडात लोखंड कशाला घालता?" असं माझी बायको मंजुश्री विचारायची. ती लातूरला, मी शनिवारी एस.टी.ने जायचो.

"मारत तर नाही ना."

"वा! सोडलेला मासा खाली जाऊन सांगत असेल, वर एक मास्तर बसलाय, भला माणूस आहे, तेवढं लोखंड सोसून घ्या म्हणून."

माझा घरमालक बालाजी याहून वैतागलेला असायचा. त्याच्या घराला लागून पत्र्याची खोली होती, ती मला दिली होती. माझ्याच वयाचा, गडगड हसणारा, रान तळ्याला लागून. हातातली मरळ मी परत पाण्यात सोडली की तो कपाळ बडवायचा. "सर, तुमी म्हंजे निवद दाखवून परत डब्यात घालणारी माणसं. मला द्या की, मी हाय ना प्रसाद घ्यायला!" मी देत नव्हतो. त्यावरून आमचं रोज भांडण व्हायचं आणि रोज संध्याकाळी तो पुन्हा माझ्याजवळ येऊन बसायचा. इतका चांगला मित्र मला त्याआधी मिळाला नव्हता.

२

दिवाळीच्या आधीचे दिवस. सोयाबीनची रास उरकून बालाजी अंगावर भुसा घेऊनच काठावर आला होता. ऊन उतरलं होतं, वारा नव्हता. भेंड पाण्यावर उभं होतं आणि खालचं पिल्लू चांगलं खेळत होतं. मग भेंड सावकाश खाली गेलं. झटका नाही, पळणं नाही. कोणी दोन बोटांत धरून खाली न्यावं तसं ते गेलं, थोडा वेळ दिसेनासं झालं आणि पुन्हा वर येऊन उभं राहिलं.

"गेला," बालाजी म्हणाला.

मी दोरी ओढली. आमिष जागेवर होतं, जिवंत होतं, शेपटी हलवत होतं. पण ती चिलापी नव्हती. तो मिशा असलेला, सडपातळ, करड्या रंगाचा मासा होता. गळ त्याच्या पाठीवरच्या पराच्या मागे, कातडीतून, कणा टाळून घातलेला होता.

मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. बालाजी हसला. "तुमीच लावलाव आन इसरलाव. पोरांच्या वह्या तपासून डोकं फिरलंय."

मलाही तेच बरं वाटलं. टोपलीत एखादा वेगळा मासा आला असेल, लक्ष नसेल. पण टोपलीत सगळ्या चिलाप्याच होत्या. मासा गळाला तोंडाने लागतो. घाईत पाठीतही अडकतो, पण मग गळ वेडावाकडा घुसतो, खवले उडतात. इथे जखम स्वच्छ होती. खरं सांगायचं तर माझ्या हातापेक्षा सफाईने घातलेला होता तो.

दुसऱ्या दिवशी मी नेलकटर घेऊन गेलो. आमिषाच्या शेपटीचं टोक कापलं, बालाजीला दाखवलं आणि पाण्यात सोडलं. भेंड तसंच सावकाश खाली गेलं, तसंच वर आलं. गळाला जो मासा आला त्याची शेपटी अख्खी होती. हाही वेगळ्याच जातीचा, पोटाशी लालसर.

बालाजीने तोंडात बोट घातलं. मग त्याचे डोळे चमकले.

"खाली कोणतर हाय, सर. अदलाबदल करायलंय आपल्यासंगं."

३

भीती वाटायला हवी होती. पण रोजच्या जागी, दिवसाउजेडी, ओळखीच्या माणसाशेजारी बसलेलं असताना भीती चटकन येत नाही. त्यापेक्षा चुकल्यासारखं वाटतं, गणित सोडवताना मध्येच हातचा विसरला की वाटतं तसं. मी कारणं शोधत होतो. कोणी पाण्यात बुडी मारून बसलंय? एवढा वेळ कोण बसेल? तळाशी काही यंत्र? असलं यंत्र कोण कशाला करेल?

बालाजीला कारणांची गरज नव्हती. त्याच्यासाठी तो बाजार होता. लहान पिल्लू दिलं की थोडं मोठं येतं, हे त्याने ओळखलं होतं. "उद्या जरा दांडगं लावा, सर. बघू काय द्यायलंय."

दुसऱ्या संध्याकाळी मी मोठं पिल्लू लावलं. भेंड खाली गेलं ते नेहमीपेक्षा जास्त वेळ. वर आलं तेव्हा दोरी जड होती. गळाला वीतभर लांबीचा, चंदेरी, निळसर पाठीचा मासा होता. बालाजीने तसला मासा जन्मात पाहिला नव्हता. मी पाहिला होता. ती तारली होती. समुद्रातली तारली, आणि समुद्र आमच्यापासून एस.टी.चा एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र लांब.

दोरीवरून पाणी माझ्या मनगटावर ओघळलं. मी काय करतोय हे कळायच्या आत जीभ लावली. खारट. तळ्यात हात घालून पुन्हा चाखलं. गोडं. दोरीवरचं मात्र खारटच होतं.

सोडायचा तो कुठे? गोड्या पाण्यात तो तडफडून मेला असता, आणि माझ्या हातून जीव जात नाही. मी गळ काढला आणि मासा हातात धरून मूर्खासारखा उभा राहिलो. तो माझ्या मुठीत धडधडत होता.

"मरणारच हाय तर द्या की इकडं," बालाजी म्हणाला.

हा हिशेब बरोबर होता. मी दिला.

रात्रीचं जेवण करताना भिंतीपलीकडचं सगळं मला ऐकू यायचं. बालाजीच्या बायकोने, तनुजाने, मासा रांधला होता, पण तिचा गुरुवार होता. मुलीला, शिवांगीला, तिने वाटी दिली नाही. काटे फार आहेत म्हणाली. शिवांगी माझ्याच वर्गातली. ती रुसलेली ऐकू आली.

"मीठ लई पडलंय गं," बालाजी म्हणाला.

तनुजा म्हणाली, "मीठ घातलंच न्हाई अजून. तुमी ताट वाढून घेतलंव आधीच."

"मंग खारट कसं लागायलंय?" असं म्हणून तो हसला. ताट खरडल्याचा आवाज आला. त्याने सगळं खाल्लं.

४

सकाळी मी दात घासत असताना तो मागे येऊन उभा राहिला. "सर, मानंखाली बघा बरं. काय तर चावलंय."

मानेच्या खाली, दोन खांद्यांच्या मधोमध, दोन बारीक टिपके होते. एकमेकांपासून बोटाच्या रुंदीवर. सूज नाही, रक्त नाही. एकाच्या कडा आत वळलेल्या, दुसऱ्याच्या बाहेर. मध्ये कातडी जरा उंच दिसत होती. मी बोट लावणार होतो, लावलं नाही.

"किडा असेल," मी म्हणालो. मुखेडच्या डॉक्टरनेही तेच सांगितलं आणि मलम दिलं.

त्यानंतर मी त्याला बघत राहिलो. बघायचं नाही असं ठरवूनही बघत राहिलो. तो वस्तीवरून रस्त्याकडे निघायचा, चांगला चालायचा आणि मध्येच थांबायचा. विसरलेलं काही आठवावं तसा उभा राहायचा. मग दोन-तीन पावलं मागे यायचा, पाठमोराच, तळ्याच्या दिशेने. कट्ट्यावर गप्पा मारताना त्याचं अंग हळूच एका बाजूला झुकायचं. तळ्याकडे तोंड करून बसला की सरळ व्हायचा.

"कोणी ओढतंय का रे?" मी एकदा विचारलं. थट्टेत विचारायचं ठरवलं होतं, पण थट्टा जमली नाही.

"न्हाई." त्याने खूप विचार केला. "ओढत न्हाई, सर. हालवून बघायलंय. मी हाय का न्हाई ते."

भेंड फार वेळ शांत राहिलं की मीही दोरीला हलका हिसका देतो. खालचा जीव सुस्त पडू नये म्हणून. त्याने पोहत राहावं, लांबून दिसावं म्हणून.

मी गळ, दोरी, काठी सगळं खाटेखाली सारलं आणि तळ्यावर जाणं बंद केलं. बालाजी जातच राहिला.

५

शनिवारची शाळा सकाळची. त्या आठवड्यात मी लातूरला गेलो नव्हतो. दुपारी तो माझ्या खोलीत येऊन खाटेवर बसला, तळ्याकडे पाठ करून. मुद्दाम बसला होता. कपाळावर घाम.

पत्र्याची खोली दुपारी किती आवाज करते ते तिथे राहिलेल्यालाच माहीत. तापलेले पत्रे टणटणतात, खिळे कुरकुरतात. मला त्या सगळ्याची सवय होती. त्यात एक नवीन आवाज होता. बारीक, सलग, एका सुरातला. खाडीवर वारा सुटला की ताणलेल्या दोरीतून तसा आवाज यायचा. इथे वारा नव्हता. खिडकी तळ्याच्या बाजूला उघडी होती.

"ऐकू यायलंय न्हाई का तुमाला?" बालाजी म्हणाला.

"पत्रा आहे," मी म्हणालो.

तो वळून खिडकीकडे तोंड करून बसला. आवाज थांबला. पुन्हा पाठ केली. आवाज आला.

मी उठलो आणि पेटीतली कात्री काढली. काय करतोय याची मला लाज वाटत होती. शिकलेला माणूस मी, पोरांना अंधश्रद्धेवर धडा शिकवतो. तरी मी त्याच्या पाठीमागे उभा राहिलो आणि मानेपासून वीतभर अंतरावर, जिथे काहीच नव्हतं तिथे, कात्री उघडली आणि मिटली. हाताला काही लागलं नाही. कापल्याचा आवाज आला नाही. एका सुरातला तो आवाज होता तसाच चालू राहिला.

कात्रीची पाती मात्र ओली झाली होती.

मी ती खिडकीत ठेवली. बालाजी गेल्यावर पाहिलं तर पाती वाळली होती आणि धारेवर पांढरट कण होते. या वेळी मी चाखलं नाही. मला माहीत होतं. खाटेवर बसून मी दोन्ही हातांनी गळ्यातलं इष्टलिंग घट्ट धरलं आणि किती तरी वेळ तसाच बसलो. इतका घाबरलो मी आयुष्यात कधी नव्हतो.

६

त्याच दिवशी ऊन कलल्यावर मी शिवांगीला घेऊन तळ्यावर गेलो. तिची आई म्हणाली, "हिच्या बापाला हाक मारून आणा, सर, दुपारपासून जेवले न्हाईत," म्हणून. बालाजी काठावर उकिडवा बसला होता. त्याच्या पुढ्यात धुण्याचा दगड, अर्धा पाण्यात, अर्धा कोरडा. तळं ताटासारखं सपाट होतं.

"बाबा!" करून पोरगी पळाली.

मी तिच्या मागे होतो, म्हणून मला दगड दिसला. ती जसजशी जवळ गेली तसतसं पाणी दगडावर चढलं. लाट नाही, आवाज नाही. कोरडा भाग कमी कमी होत गेला आणि दगड दिसेनासा झाला. बालाजीची पावलं बुडाली. पाण्याखाली, काठाच्या अगदी जवळ, काहीतरी रुंद आणि फिकट वर सरकलं. मासा नव्हता तो. त्याला कडा दिसत नव्हत्या. मला एवढंच कळलं, की ते बालाजीकडे बघत नव्हतं.

"सर, पोरीला धरा!" बालाजी ओरडला.

मी तिला कमरेला धरून उचललं आणि मागे पळालो. बांधावर येऊन वळून पाहिलं. दगड पुन्हा अर्धा कोरडा होता. मासा भेंडाजवळ फिरकला की मीही काठावर असाच पुढे झुकतो, आणि तो वळला की मागे टेकतो.

शिवांगी रडत होती, मला बुक्क्या मारत होती. बालाजी तिथूनच बोलला. आवाज शांत होता.

"दोन-तीन डाव बघितलं म्या. तनुजा आली तरी थोडं चढतंय. पोरगी आली की लई. माज्यासाठी न्हाई ते, सर. मला काय करंना." त्याने तोंड पुसलं. "तुमी असंच करता ना? त्या पिल्लाशी तुमचं काय काम नसतंय."

मला रडू आलं.

"न्या हिला, हिच्या आईला. लातूरला न्या. तितं कुटं तळं हाय? तनुजाला मी सांगतो, पोरीला तिकडच्या शाळेत घालायचं म्हणून. मला बोलवू नका आन तुमी येऊ नका."

दुसऱ्या दिवशी एस.टी. आली तेव्हा तो पार लिंबाच्या पलीकडे उभा होता. तनुजा मला म्हणाली, "पोरीला जवळ पण घेतलं न्हाई. काय झालंय ह्यांना?" तिच्या डोळ्यांत राग होता. मी पिशव्या उचलल्या. शिवांगी खिडकीतून हात हलवत राहिली आणि त्याने हात वर केला नाही, उलट तोंड फिरवलं. बापाचं एवढं प्रेम मी दुसरं पाहिलेलं नाही.

७

लातूरमध्ये नळाला पाणी यायचा दिवस म्हणजे सण. एरवी गल्लीत टँकर, दारात ड्रम, आणि डाळ मिलची धूळ. या शहराच्या कोरडेपणाला मी आयुष्यभर नावं ठेवली. आता तोच कोरडेपणा मला देवघरासारखा वाटू लागला. दिवाळीची सुट्टी लागली होती. मंजुश्रीला मी सगळं सांगितलं. तिने थट्टा केली नाही. ड्रमांवर झाकणं घातली आणि झाकणांवर दगड ठेवले. शिवांगीला तिने जवळ घेतलं, वेण्या घातल्या, तनुजाशी चकल्या पाडता पाडता ती बोलत राहिली. रोज संध्याकाळी मी बालाजीला फोन करायचो. "हाय," एवढंच तो म्हणायचा आणि पोरीचा आवाज ऐकून ठेवून द्यायचा.

मग त्याने फोन उचलणं बंद केलं.

दिवाळी झाल्यानंतरची दुपार होती. मी दाराच्या पायरीवर बसून पेपर वाचत होतो. गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला आणि बालाजी उतरला. धुतलेला शर्ट, विंचरलेले केस, पायात कोरड्या चपला. मला बघून तो ओशाळं हसला.

मी उठून त्याच्याजवळ गेलो. "तू आलास कसा?"

"मी आलो न्हाई, सर. स्टँडवर कवा गेलो, गाडीत कवा बसलो, कायबी कळलं न्हाई. अडवलंच न्हाई कुणी. मला येऊ दिलं इथवर. मला घालवा. मारा, पण घालवा."

तेवढ्यात तो आवाज आला. बारीक, एका सुरातला. डाळ मिलच्या घरघरीतूनही मी ओळखला. आणि मला तारली आठवली. समुद्रापासून आमच्या तळ्यापर्यंत जे पोचलं होतं, त्याला मुखेड ते लातूर किती लांब?

"बाबा!"

शिवांगी दारात होती. बालाजी वळून पळायला लागला. पळता आलं नाही. पाय जागच्या जागी घसरले, पालथा पडता पडता तो सावरला आणि पोरीकडे तोंड करून उभा राहिला. मी तिला धरायला हात पसरले, ती माझ्या काखेखालून निसटली आणि त्याला जाऊन बिलगली.

एक क्षण काहीच झालं नाही. त्याने डोळे मिटले आणि तिला घट्ट धरलं. धरल्याशिवाय तो राहिला असता तर मलाच राग आला असता. मग मी पाहिलं, त्याच्या शर्टाची कॉलर पाठीमागून उचलली गेली. चिमटीत धरावी तशी, वर आणि मागे, ताणून. कापडाचं टोक हवेत तसंच राहिलं. दोघांच्या पावलांखालची धूळ ओली होत होती.

मी धावलो आणि दोघांना मिळून मिठी मारली. पाय रोवले. त्यांना माझ्यासकट न्यावं लागेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मंजुश्री आणि तनुजा आरडाओरडा ऐकून आल्या. मंजुश्रीने काही न विचारता माझी कंबर धरली. ओढ आली. अंगावर नाही, अंगाच्या आतून कुठूनतरी. आम्ही सगळेच एका बाजूला झुकलो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तनुजाने मुलीचे पाय धरून ठेवले होते.

आणि ओढ संपली.

कॉलर खाली पडली. आवाज थांबला. बालाजीने मान हलवली, खांदे हलवले, हात मागे नेऊन चाचपलं. "सुटलं," तो म्हणाला. मग मोठ्याने, "सर, सुटलं!" तो चार पावलं चालला, वळला, पुन्हा चालला. कुठेही अडकला नाही. गल्लीच्या मधोमध बसून तो हुंदके देऊन रडला आणि मग त्याचं ते जुनं गडगडणारं हसू हसला. तनुजा त्याला बुक्क्या मारत होती आणि रडत होती. शेजारचे लोक बघत होते.

त्याला घरात आणून आम्ही सतरंजीवर बसवलं. शिवांगी त्याच्या मांडीवर चढून बसली. "आता जायचं नाही ना, बाबा?"

"आता कुटं जातो, बाळा."

मी त्यांच्यात बसलो होतो. त्या सगळ्यांपैकी गळ टाकलेला माणूस मी एकटाच होतो. मोठा मासा जिवंत आमिष तोंडात घेतो तेव्हा शहाणा माणूस ओढत नाही. थोडा ताण देऊन बघायचा, वजन कळलं की दोरी मोकळी सोडून द्यायची. त्याला वाटू द्यायचं की काही नाही. नीट आत जाऊ द्यायचं. किती वेळ, ते ज्याच्या हातात दोरी असते त्याने ठरवायचं.

मंजुश्री चहा घेऊन आली. तिचे डोळे लाल होते, पण ती हसत होती. "घ्या," ती म्हणाली, "गार होईल."

माझ्या उजव्या हातात बालाजीचं मनगट होतं, डाव्या हातात शिवांगीचं. कप घ्यायचा तर एक सोडावं लागणार होतं.